थंडी आणि निश्चय

परवां पहाटे धाकट्या नातवास तालमीस उठवावयास गेलों, तों पांघरुणांतूनच उत्तर आलें, "आजोबा, थंडी फार आहे, आज नको!" मीं आग्रह केला नाहीं. सायंकाळीं मुलें भोंवतीं जमलीं, तेव्हां त्यांस एक खरी हकीकत सांगितली. तीच वाचकांस सादर करितों.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत ग्रीन बे नांवाचें लहानसें नगर आहे. तेथें 31 डिसेंबर 1967 रोजीं पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज या संघांत फुटबॉलच्या अजिंक्यपदाचा सामना झाला. हा फुटबॉल आपल्याकडील नव्हे. यांत चेंडू बहुधा हातांनीं नेतात. उष्णमान उणें 13 अंश फॅरनहाइट, म्हणजे उणें 25 सेल्सिअस, होतें. मैदानाखालीं विजेच्या तारांनीं ऊब देण्याची योजना होती. ती ऐन वेळीं निरुपयोगी ठरली आणि भूमि गोठली. पंचांच्या शिट्या ओठांस चिकटूं लागल्या. तेव्हां त्यांनीं ओरडूनच काम भागविलें. तरीहि पन्नास हजारांवर प्रेक्षक जमले होते.

पॅकर्स प्रथम 14-0 असे पुढें होते. परंतु अखेरच्या भागांत 14-17 असे मागें पडले. पांच मिनिटांहून कमी वेळ उरला असतां त्यांनीं 68 यार्डांची वाट चालावयास आरंभ केला. सीमारेषा दोन-तीन फुटांवर आली. पण चेंडू नेणारा गडी बर्फावर दोनदां घसरला. सोळा सेकंद उरले. चेंडू लाथेनें मारून बरोबरी साधण्याचा मार्ग मोकळा होता. नायक बार्ट स्टार यानें मात्र गुरु व्हिन्स लोम्बार्डी यांस सांगितलें, कीं चेंडू मी स्वतःच नेतों. गुरूनें संमति दिली. फसतें तर दुसरी संधि मिळणें कठीणच होतें. स्टार पुढें झेपावला, आणि पॅकर्स 21-17 असे विजयी झाले.

मीं तात्पर्य सांगणार, इतक्यांत नात म्हणाली, "आजोबा, हरलेल्यांना थंडी वाजली नव्हती का?"

चाळीस वर्षें मुलांस तात्पर्यें सांगणारा मी क्षणभर निरुत्तर झालों. खरोखर, डॅलसचे गडी उष्ण प्रदेशांतून आलेले. त्यांनीं तीच थंडी सोसली, चौदा गुण मागें असतांहि आघाडी घेतली, आणि शेवटच्या क्षणीं यश गमाविलें. फलाची आशा न धरितां कर्म करावें, हें गीतेंतील तत्त्व मीं वर्गांत किती वेळां समजाविलें असेल! पण गोष्ट सांगतांना माझी दृष्टि फलाकडेच लागली होती. यंत्रें फसलीं तेथें अभ्यास उपयोगीं पडला, तो दोन्ही पक्षांचा.

दुसरे दिवशीं नातू हांक मारल्याबरोबर उठला, असें लिहावयास आवडलें असतें. तो अर्ध्या तासानें उठला. पण उठला खरा.