भाच्याची जाहिरात

परवा आमचा भाचा एका जाहिरातीचा मसुदा दाखवायला घरी आला. कोथरूडात त्याचे छोटेसे कार्यालय आहे. संगणकावरचे मारधाडीचे खेळ तयार करणे हा त्याचा उद्योग. (आमची ताई लोकांना 'तो काँप्युटरमध्ये आहे' एवढेच सांगते.) आता डोळ्यांवर यंत्र बांधून खेळायचा व्हीआर खेळ काढायचा आहे, त्यासाठी अनुभवी गेमप्ले डिझायनर हवा. चित्रे काढणारा निराळा, प्रोग्राम लिहिणारा निराळा. खेळणाऱ्याने काय करायचे आणि करताना त्याला काय वाटायचे हे ठरवणारा हा तिसरा.

मसुद्यात अट होती : 'घरगुती व्हीआर खेळांचा पंधरा वर्षांचा अनुभव.'

"अरे, ती ऑक्युलस आणि व्हाइव्ह यंत्रे घरोघरी आली कधी?"

"२०१६ साली, मामा."

"मग हा गृहस्थ आकाशातून पडणार काय?"

भाचा हसला नाही. धंद्यासाठी त्याने कर्ज काढले आहे. गेल्या खेपेचा माणूस मुलाखतीत फर्डा बोलला होता, कल्पनांची जाडजूड फाईल घेऊन आला होता. त्याने रचलेला खेळ आमच्या सौभाग्यवतींनी दोन मिनिटे खेळून पाहिला आणि टेबल धरून मटकन खाली बसल्या. डोळे सांगतात आपण धावतो आहोत, कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते जागीच उभे आहोत. या भांडणात पोट ढवळते. म्हणूनच 'हाफ-लाइफ : ॲलिक्स' या २०२० च्या खेळात चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम पोहोचण्याचीही सोय ठेवली आहे. तलवारीचे दुखणे आणखी वेगळे. शत्रूच्या ढालीवर वार अडतो, पण खेळणाऱ्याचा हात हवेत तसाच पुढे जातो! ते खरे कसे वाटावे, हे फाईलीत सापडत नाही.

ज्या व्हॉल्व्ह कंपनीने 'ॲलिक्स' काढला, तिने अमेरिकेतल्या डिजिपेन संस्थेच्या काही विद्यार्थ्यांना त्यांचा 'नारबॅक्युलर ड्रॉप' हा २००५ चा खेळ पाहून नोकरीवर घेतले. अनुभवाचा दाखला कुठला असणार! पण खेळून पाहता येईल अशी वस्तू हातात होती. त्यातूनच २००७ साली 'पोर्टल' आला.

हे ऐकून भाच्याने अट खोडली. उमेदवाराने आपला खेळ आणावा, आणि आमचा बिघडलेला खेळ दुसरा कुणी खेळत असताना पाहावा, असे ठरले. 'दुसरा कुणी' म्हणजे मामी, हे ओघानेच आले.

शनिवारी पहिला उमेदवार आला. पडद्याकडे त्याने फारसे पाहिलेच नाही. हिच्या हातापायांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "काकू, मघाशी तुम्ही डावा हात डोक्यावर का नेलात?"

"छत डोक्याला लागेल असं वाटलं हो!"

त्याने ते वहीत टिपून घेतले. भाच्याने माझ्याकडे पाहिले.

पगार मात्र त्याने भाच्याच्या अंदाजाच्या दीडपट सांगितला. भाचा अजून आकडेमोड करतो आहे.