तीन हजार डॉलरांचा न्याय

अमेरिकेच्या न्यायदानाची वाखाणणी आमच्या सुशिक्षितांत नित्य चालते. तीस आमची हरकत नाहीं. मात्र व्हिन्सेंट चिनचें प्रकरण त्यांनीं एकदां वाचावें. जून १९८२ मध्यें, डेट्रॉइटनजीक, चिनी वंशाच्या या २७ वर्षांच्या तरुणास रोनाल्ड एबेन्स व त्याचा सावत्र मुलगा यांनीं भांडणानंतर शोधून काढून बेसबॉलच्या दांडक्यानें झोडपलें. चौथ्या दिवशीं तो वारला. लग्न तोंडावर आलें होतें. एबेन्स मोटार-कारखान्यांतला मुकादम. राग जपानी मोटारींवर, मार चिनी माणसास!

पुढील सालीं न्यायाधीश कॉफमन यांनीं दोघांस तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची आणि तीन हजार डॉलर दंडाची शिक्षा दिली. हीं माणसें तुरुंगांत धाडण्याजोगीं नव्हेत म्हणे! निकालाच्या वेळीं सरकारी वकील हजर नव्हता. मृताच्या आईस तर कोणी कळविलेंही नव्हतें.

कोणी म्हणतील, ही दारूच्या भरांतली मारामारी. वंशद्वेष सिद्ध कोठें झाला? घटकाभर नव्हता असें धरूं. मग नुसत्या मनुष्यवधास तरी एवढें प्रायश्चित्त पुरे काय? मारणाऱ्याची अब्रू पाहून शिक्षा ठरावयाची, तर मेलेल्याची बाजू कोणी पाहावयाची?

ती पाहिली आईनें. लिली चिन देशभर फिरल्या; आशियाई वंशाचे लोक प्रथमच एवढ्या संख्येनें एकवटले. १९८४ त फेडरल न्यायालयानें एबेन्सला २५ वर्षांची शिक्षा दिली; १९८६ त ती अपिलांत रद्द झाली. १९८७ त सिनसिनाटीच्या ज्यूरीनें त्यास निर्दोष सोडलें. त्याच सालीं लिली चिन चीनला परत गेल्या.