अर्ज आपला, अक्षरं कुणाची?

ताराबाई शिंदे आपल्या बुलडाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बाळाच्या हत्येसाठी फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. त्यावरून 'पुणे वैभव'ने बायकांच्या चालचलनावरच तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी उत्तर म्हणून १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं. वडील कचेरीत कारकून, शिक्षण घरच्या घरी. पण विधवेला फसवणारा पुरुष मोकळा कसा, हे त्यांनी रोखठोक विचारलं! टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले.

आज आपल्या हातात फोन आहे. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतो, रेसिपी बघतो. आणि लिहायची वेळ आली की? २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे अर्ज ऑनलाइन भरले, तेव्हा आमच्या बचत गटातल्या बहुतेकींचे अर्ज मुलाने, पुतण्याने नाहीतर सेतूवाल्याने भरले. कित्येकींचा ओटीपीही नवऱ्याच्या मोबाइलवर! "ताई, मले काय समजते त्यातलं?" असं म्हणणारी बाई गटाचा वर्षाचा हिशोब तोंडपाठ सांगते. पण पैसे अडकले तर का अडकले, हे तिला दुसऱ्याकडूनच कळणार.

प्रशिक्षणं होतात, नाही असं नाही. पण तिथे 'हे दाबा, ते दाबा' एवढंच. माझ्या मते आधी चार ओळी लिहायला शिकवावं. नळाला किती दिवस पाणी नाही, कोणत्या वॉर्डात, काय हवं, बस्स! टाइप जमत नसेल तर कीबोर्डवरच्या माइकवर बोला, मराठी अक्षरं उमटतात. माहिती अधिकाराचा अर्ज तर दहा रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मुद्दे लिहून नेले, तर 'नोंद घ्या' म्हणता येतं. तोंडी गाऱ्हाणं चहाबरोबर संपतं.

आणि हो, प्रत जपा, तक्रार क्रमांक जपा. ताराबाईंचं पुस्तक कित्येक दशकं विस्मरणात गेलं होतं. छापलेलं होतं म्हणून स. गं. मालशे यांना १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करता आलं.

आमच्या गटात आता हप्ता भरायच्या दिवशी एकीने फोनवर एक अर्ज लिहायचा, असं ठरलंय. पहिला अर्ज रस्त्यावरच्या बंद दिव्याचा, जेमतेम अडीच ओळींचा. लिहून झाल्यावर तिने नवऱ्याचा नंबर पुसला आणि स्वतःचा टाकला.