आधी ऐकावे, मग बोलावे

जुन्नर तालुक्यात आळे येथे एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदविले तोच हा रेडा, अशी भाविकांची श्रद्धा आहे. रेडा बोलला, हे सगळे सांगतात. पण ज्याचे ऐकावे असे कुणालाही वाटले नसते, त्याचे ऐकण्यासाठी त्या कथेतील विद्वान गप्प झाले, हे कोणी सांगत नाही! आपणही बोलण्याचेच कौतुक करतो. शाळाशाळांतून वक्तृत्वस्पर्धा होतात. श्रवणस्पर्धा मात्र ऐकिवात नाही.

नीट ऐकणे अवघड का जाते? दहा भाषांतील प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी अवघे ०.२ सेकंद जातात, असे त्यात आढळले. चित्र पाहून त्याचे नुसते नाव सांगायलाही आपल्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. म्हणजेच, समोरचा बोलत असतानाच आपण आपले उत्तर जुळवू लागतो. त्यामुळे गप्पा रंगतात हे खरे, पण कधी कधी महत्त्वाचे तेच निसटते.

आळ्याच्या परिसरात ऊस आहे आणि उसात बिबट्याही असतो. समजा, धाकटी बहीण धावत येऊन म्हणाली, "दादा, उसात काहीतरी हललं!" "कुत्रं असेल," हे उत्तर आपल्या ओठांवर तयारच असते. कुठे हलले, केवढे होते, हे विचारायचे राहून जाते.

याच तालुक्यात खोडदजवळ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. जवळच्या एखाद्या यंत्रातून निघणाऱ्या लहरीही त्या बुडवून टाकू शकतात. म्हणून आसपास असा गोंगाट कमीत कमी ठेवावा लागतो. आपल्या मनात तयार होणारे उत्तर हाही असाच जवळचा गोंगाट नव्हे काय?

तेव्हा आज एक प्रयोग करा. आजीला किंवा मित्राला एखादी हकिकत सांगायला लावा. मध्ये बोलू नका. बोलणे संपल्यावर मनात तीन अंक मोजा. मग ऐकलेले आपल्या शब्दांत सांगून विचारा, "असंच ना?" किती वेळा "नाही, तसं नाही" असे उत्तर येते, ते वहीत लिहून ठेवा. महिनाभराने तो आकडा कमी झाला, तर तुम्ही पुष्कळ शिकलात असे समजा. अशा विद्यार्थ्यालाही शाळेने एक बक्षीस द्यावे, असे मला मनापासून वाटते.