आसन्न किंमत की छाटाछाट?

मंडळी, परवा मोहोळकडचा एक जुना विद्यार्थी घरी आला. खिशातून डेअरीची दहा दिवसांची पावती काढली अन् म्हणाला, "सर, घरी मापून घालतो, तरी हितं कमीच. बघा जरा."

चष्मा लावून बसलो. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस खेपा. त्याच्या वहीशी ताडून पाहिलं. वहीत ४.०९ लिटर, पावतीवर ४.०. वहीत ६.२८, पावतीवर ६.२. एकदाही आकडा वर गेलेला नाही!

पुण्याच्या भाच्याला फोन लावला, तो संगणकवाला. म्हणाला, "मामा, डेटाबेसच्या क्वेरीत राउंडऐवजी ट्रंकेट लिहिलं असणार. थोड्या मिलिलिटरचा प्रश्न, एवढं काय!"

एवढं काय? हिशोबच करू. छाटताना दर खेपेला ० ते ९० मिली जातात, म्हणजे सरासरी ४५. वर्षाच्या खेपा ७३०. झाले जवळजवळ ३३ लिटर! एका घराचे!!

चौथीच्या पोरांना आम्ही आसन्न किंमत शिकवायचो. पुढचा अंक ५ किंवा मोठा असेल तर एक वाढवा, नाहीतर सोडून द्या. यात कधी तुमचं जातं, कधी त्यांचं; वर्षाअखेर जवळपास फिट्टंफाट. २०१७ च्या जीएसटी कायद्यातलं कलम १७० सुद्धा हेच सांगतं: ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया. छाटाछाटीत मात्र कायम एकाच बाजूचं जातं.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक वेळी चौथ्या दशांशापासून पुढचं छाटत गेले, आणि नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. चूक दुरुस्त केल्यावर निघाला १०९८! तिथं निदान दुरुस्त तरी केलं.

आपल्याकडे उत्तर ठरलेलं, "कॉम्प्युटरनं केलं." अहो, कॉम्प्युटर आपल्या मनानं काही छाटत नाही. ती ओळ कुणीतरी लिहिली, कुणीतरी चालू दिली.

माझं म्हणणं साधं आहे. डेटाबेसात माप पूर्ण ठेवा. आसन्न किंमत काढायची ती शेवटी, एकूण रकमेवर, एकदाच. आणि तो नियम पावतीवर मराठीत छापा.

हे वाचणाऱ्यांत निम्मे भाचे-पुतणे याच धंद्यात आहेत. बाबांनो, पुढच्या वेळी क्वेरीत तो शब्द लिहिताना पहाटे चारला धार काढणारा माणूस डोळ्यांपुढे आणा.

असो. मी अर्ज लिहून दिलाय. काय होतं ते कळवीनच.