दुसरं कार्ड कपाटात नको

आमच्या लांजीच्या उत्तरेला मलाजखंडची तांब्याची खाण, पश्चिमेला तिरोड्याचे 660 मेगावॉटचे 5 वीजसंच. आमच्याकडची बरीच पोरं असल्या कारखान्यांत राबतात. मीही इन्स्ट्रुमेंटेशनवालाच, म्हणून एक गोष्ट फार खटकते. कंट्रोलर दोन घेतात, पॉवर सप्लाय दोन घेतात. पण व्हॉल्व्हला हुकूम देणारं अ‍ॅनालॉग आउटपुट कार्ड कित्येक ठिकाणी एकच! तेच 4 ते 20 मिलिअँपिअर करंट पाठवतं. ते गेलं की करंट शून्य, आणि व्हॉल्व्ह सहसा स्प्रिंगच्या जोरावर ठरलेल्या टोकाला जातो. बॉयलरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह असेल तर संच ट्रिप होऊ शकतो. कपाटातलं स्पेअर त्या क्षणी काय कामाचं? जोडीचं कार्ड चालूच हवं. पहिलं पडताच त्यानं करंट उचलावा.

सगळ्याच व्हॉल्व्हना जोडी द्या, असं मी म्हणत नाही. पाणी, इंधन, हवा यांना मात्र द्याच. दोन्ही कार्डं एकाच फ्यूजवर असतील तर ती जोडी कागदावरचीच. टेंडर लिहितानाच हे घाला, आणि शटडाउनमध्ये एक कार्ड मुद्दाम ओढून व्हॉल्व्ह जागचा हलतो का, ते स्वतः उभं राहून पाहा.