शुगर बोल : निकालांच्या यादीत न मावणारा इतिहास

१/ अमेरिकन फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन हंगामाच्या अखेरीस, नववर्षाच्या सुमारास, काही निमंत्रित सामने होतात. त्यांना ‘बोल’ म्हणतात. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून रूढ झालेले हे नाव. न्यू ऑर्लिन्सचा ‘शुगर बोल’ १ जानेवारी १९३५ रोजी सुरू झाला. आजचा थ्रेड त्याच्या १९५६ च्या सामन्याविषयी.

२/ त्या वर्षी दक्षिणेतील जॉर्जिया टेकसमोर उत्तरेतील पिट्सबर्ग विद्यापीठ होते. पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रिअर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. तोवर शुगर बोलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरलेला नव्हता.

३/ २ डिसेंबर १९५५. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी राज्याच्या विद्यापीठ मंडळाला तार केली : अशा सामन्यात आपले संघ उतरू देऊ नका. आदल्याच दिवशी शेजारच्या अलाबामात रोझा पार्क्स यांना अटक झाली होती.

४/ त्याच रात्री जॉर्जिया टेकचे विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्यांनी गव्हर्नरांचा पुतळा जाळला. संस्थेचे अध्यक्ष ब्लेक व्हॅन लिअर संघ पाठवण्यावर ठाम राहिले. अखेर मंडळाने परवानगी दिली. मात्र राज्यातील मैदानांवर वर्णभेदाची चौकट कायम ठेवली.

५/ २ जानेवारी १९५६ रोजी सामना झाला. ग्रिअरविरुद्ध दिलेल्या एका वादग्रस्त फाऊलनंतर जॉर्जिया टेकने सामन्यातील एकमेव टचडाऊन केला. निकाल ७–०.

६/ लोकप्रिय कथा इथेच थांबते : तरुणाई जिंकली, भिंत पडली. माझा आक्षेप नेमका इथे आहे. त्याच वर्षी लुइझियानाच्या विधिमंडळाने गोऱ्या व कृष्णवर्णीय खेळाडूंनी एकत्र खेळण्यावरच कायद्याने बंदी घातली. पुढे न्यायालयांनी तो कायदा रद्द ठरवला. तरीही शुगर बोलमध्ये पुन्हा कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९६५ उजाडले. मधल्या काळात, १९६४ मध्ये, नागरी हक्क कायदा संमत झाला होता.

७/ विद्यार्थ्यांच्या मोर्चाकडेही डोळसपणे पाहावे. त्यांचा संताप मुख्यतः हातचा सामना जाणार म्हणून होता. समतेची मागणी त्यामागे असलीच तर दुय्यम होती. म्हणून ती कृती क्षुद्र ठरत नाही. परंतु स्वार्थाची आणि न्यायाची वाट एका रात्रीपुरती एक झाली, एवढ्यावरून समाज बदलला असा निष्कर्ष काढणे ही इतिहासाची फसवणूक आहे.

८/ ‘पहिला’ हा शब्द इतिहासलेखनात फार मोहक असतो. ‘पहिला कृष्णवर्णीय खेळाडू’ असे लिहिले की कर्तव्य संपल्यासारखे वाटते. माझ्या मते, प्रत्येक ‘पहिल्या’नंतर एकच प्रश्न विचारावा : दुसरा केव्हा आला? शुगर बोलचे उत्तर आहे, नऊ वर्षांनी. त्या नऊ वर्षांत ज्यांना मैदानावर पाऊलच ठेवता आले नाही, त्यांची नावे कोणत्याही निकालपत्रकात सापडणार नाहीत. ती शोधणे हेच आपले काम.